जिद्द, चिकाटी आणि खडूसपणा : महत्त्वाकांक्षी पुरुषांच्या यशामागे नेमके काय असते?

दादर किंवा गिरगावातल्या एखाद्या वधूवर सूचक केंद्रात मुलांचे बायोडेटा चाळले, तर उंची, पगार आणि ‘स्वतःचे घर’ यांच्या जोडीला ‘महत्त्वाकांक्षी’ हा शब्द हमखास आढळतो, आणि मुलीच्या वडिलांना तो वाचून बरे वाटते. हाच शब्द कचेरीत एखाद्या सहकाऱ्याविषयी ‘फार महत्त्वाकांक्षी आहे हो तो’ असा उच्चारला गेला, की ऐकणारे जरा सावध होतात. एकाच शब्दात कौतुक आणि संशय असे दोन्ही मावते, कारण वरवर एकसंध दिसणाऱ्या या वृत्तीत निदान चार-पाच वेगवेगळे स्वभावविशेष मिसळलेले असतात. त्यांतले काही कामाला येतात, काही नुसतेच डोळ्यांत भरतात, आणि काहींची किंमत त्या माणसाऐवजी दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते. हे मिश्रण सुटे करून पाहणे हा या लेखाचा उद्देश आहे.

मराठी बोलणाऱ्याला ही फोड तशी अपरिचित नाही. जिद्द, चिकाटी, धडाडी आणि हाव हे चार शब्द आपण सहसा एकमेकांच्या जागी वापरत नाही. जिद्द बहुधा कशाने तरी पेटते. कोणीतरी हिणवलेले असते, एखादे दार तोंडावर बंद झालेले असते आणि ‘करून दाखवीन’ असे कोणाला तरी उद्देशून म्हटलेले असते. चिकाटीला असा प्रतिस्पर्धी लागत नाही. काल अर्धे राहिलेले काम आज पुन्हा हातात घेणे एवढेच तिचे स्वरूप असते, आणि म्हणून ती पाहणाऱ्याला कंटाळवाणी वाटते. धडाडीचा माणूस इतरांच्या आधी उठून बोलतो, अनोळखी माणसाला फोन लावतो, अंगावर जबाबदारी घेतो. आपल्याकडच्या सत्कार समारंभांतून जिद्दीचे गोडवे सर्वाधिक गायले जातात, कारण तिची गोष्ट चांगली सांगता येते. संशोधन मात्र वेगळ्याच, बऱ्याच निस्तेज दिसणाऱ्या गुणाकडे बोट दाखवते.

शब्दांपासून सुरुवात करण्याला शास्त्रीय कारणही आहे, कारण व्यक्तिमत्त्वाचा आधुनिक अभ्यास अक्षरशः शब्दकोशातून उभा राहिला. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये इंग्रजीच्या एका बृहत्कोशातून माणसामाणसांतला फरक सांगणारे सुमारे १८,००० शब्द वेचून काढले. त्यामागचा विचार असा होता, की माणसांना एकमेकांच्या स्वभावात जे फरक महत्त्वाचे वाटतात त्यांच्यासाठी भाषेत आज ना उद्या शब्द तयार होतोच. पुढच्या काही दशकांत इतर संशोधकांनी ही यादी छाटली, हजारो लोकांकडून स्वतःचे आणि परिचितांचे गुणांकन करून घेतले, आणि कोणते शब्द एकत्र चालतात हे गणिताने तपासले. जो माणूस ‘वक्तशीर’ ठरतो तो बहुधा ‘नीटनेटका’ आणि ‘भरवशाचा’ही ठरतो, असे शब्दांचे पुंजके जमत गेले आणि अखेर पाच मोठे पुंजके उरले.

ते पाच असे: नव्या अनुभवांविषयीचा खुलेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौजन्य म्हणजे इतरांशी जुळवून घेण्याची वृत्ती, आणि भावनिक अस्थैर्य म्हणजे मन चटकन चिंतेने किंवा चिडीने ढवळून निघण्याचा कल. हे राशींसारखे कप्पे नव्हेत, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. अमुक माणूस कर्तव्यदक्ष ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे येथे म्हटले जात नाही. उंचीप्रमाणे प्रत्येकात प्रत्येक गुण कमी-अधिक असतो आणि बहुतेक माणसे मधल्या पट्ट्यात मोडतात. जुळ्यांच्या अभ्यासांवरून या फरकांचा साधारण निम्मा वाटा आनुवंशिक असल्याचे दिसते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या पाचांपैकी कामातील यशाशी सर्वांत खात्रीने कोण जोडलेले आहे, या प्रश्नाचे बहुचर्चित उत्तर मरे बॅरिक आणि मायकेल माउंट यांनी १९९१ मध्ये ११७ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून दिले. व्यावसायिक, पोलीस, व्यवस्थापक, विक्रेते, कुशल कारागीर अशा अगदी भिन्न गटांत एकच गुण सर्वत्र उपयोगी ठरला, आणि तो होता कर्तव्यदक्षता. बहिर्मुखतेचा फायदा मुख्यतः व्यवस्थापक आणि विक्रेते यांना झालेला दिसला, म्हणजे जेथे दिवसभर माणसांशीच गाठ असते तेथे. जो गुण शाळेच्या प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्यासारखा वाटतो, जो मुलाखतीत कोणी अभिमानाने सांगत नाही, तोच सर्व क्षेत्रांत टिकून राहिला.

कर्तव्यदक्षता हा शब्द जरा सरकारी वाटतो, म्हणून तिचे रोजच्या व्यवहारातले रूप सांगतो. घराचे नूतनीकरण करणारे दोन कंत्राटदार आहेत असे समजा. पहिला बोलण्यात पटाईत आहे, त्याच्या मोबाइलवर पवईतल्या मोठ्या फ्लॅटचे फोटो आहेत आणि तो ‘साहेब, बघून घेतो’ असे वरचेवर म्हणतो. दुसरा फारसे बोलत नाही, पण भिंतीची मापे दोनदा घेतो, शुक्रवारी देतो म्हटलेले कोटेशन शुक्रवारीच देतो, आणि फरशीवाला उशीर करणार असेल तर ते आदल्या दिवशी कळवतो. पहिल्याला सोसायटीतले पहिले काम लवकर मिळेल, परंतु पाचवे काम दुसऱ्याला मिळण्याची शक्यता अधिक आहे. कर्तव्यदक्षतेचा लाभ असा व्याजासारखा साठत जातो, आणि एका भेटीत तो दिसतच नाही.

मात्र हा संबंध किती बळकट आहे, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही, कारण स्वयंविकासाच्या व्याख्यानांत नेमका हाच भाग गाळला जातो. संशोधक दोन गोष्टींमधील संबंध शून्य ते एक या मोजपट्टीवर सांगतात. शून्य म्हणजे काहीही संबंध नाही आणि एक म्हणजे संपूर्ण जुळणी. कर्तव्यदक्षता आणि कामगिरी यांचा आकडा ०.२ च्या आसपास येतो. याचा व्यावहारिक अर्थ असा, की २०० कर्मचाऱ्यांची कर्तव्यदक्षतेनुसार रांग लावून वरचे १०० आणि खालचे १०० असे दोन गट केले, तर वरच्या गटातले साधारण ५६ जण कामगिरीतही वरच्या निम्म्यात सापडतील आणि खालच्या गटातले ४४. नाणे उडवून निवडले असते, तर हे प्रमाण पन्नास-पन्नास आले असते. मोठ्या संस्थेला, जिला वर्षाला हजारो माणसे नेमायची आहेत, हा फरक मोलाचा आहे. एका विशिष्ट तरुणाचे भविष्य मात्र त्यावरून सांगता येत नाही. कोणी तसे सांगत असेल, तर त्याला ज्योतिषाच्या रांगेत बसवायला हरकत नाही.

बुद्धी सारखी असताना स्वभावाने किती फरक पडतो, याविषयीचा जुना आणि अजूनही वाचनीय पुरावा कॅलिफोर्नियातून येतो. लुईस टर्मन यांनी १९२१ पासून १,५२८ अतिशय बुद्धिमान मुलामुलींची निवड करून त्यांच्या आयुष्याचा पाठपुरावा सुरू केला. ही मुले तिशीच्या आसपास पोहोचल्यावर, त्यांतील व्यवसायात सर्वांत यशस्वी ठरलेले १५० पुरुष आणि सर्वांत कमी यशस्वी ठरलेले १५० पुरुष यांची तुलना करण्यात आली. बुद्धिमापनात दोन्ही गटांत फारसे अंतर नव्हते. पुरुषांनी स्वतःविषयी, तसेच त्यांच्या पत्नींनी आणि पालकांनी त्यांच्याविषयी केलेल्या गुणांकनात मात्र चार बाबतींत दरी दिसली: हाती घेतलेले तडीस नेण्याची चिकाटी, आयुष्याला एका दिशेने बांधून घेण्याची क्षमता, आत्मविश्वास, आणि न्यूनगंडापासून मुक्तता. याच अभ्यासात आणखी एक फरक होता, जो प्रेरणादायी भाषणांत क्वचितच ऐकू येतो. यशस्वी गटातील पुरुषांचे वडील पदवीधर असण्याचे प्रमाण बरेच जास्त होते. ज्या आत्मविश्वासाचे श्रेय आपण मुलाला देतो, त्याची पायाभरणी काही वेळा त्याच्या वडिलांच्या पुस्तकांच्या कपाटात झालेली असते.

चिकाटीविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण गेल्या काही वर्षांत तिला ‘ग्रिट’ या नावाने फार मोठा बाजार मिळाला आहे. अँजेला डकवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेल्या या कल्पनेचे दोन भाग आहेत: अडथळे आले तरी प्रयत्न न सोडणे, आणि वर्षानुवर्षे आवडीचा विषय न बदलणे. अमेरिकेच्या लष्करी अकादमीतील कठोर पहिला उन्हाळा कोण पार करील, हे या मापनावरून काही अंशी सांगता आले आणि कल्पना गाजली. पुढे २०१७ मध्ये मार्कस क्रेडे आणि इतरांनी उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा ग्रिट ही जुन्या कर्तव्यदक्षतेशी इतकी मिळतीजुळती आढळली, की बाटली नवी असली तरी औषध बरेचसे जुनेच असल्याचे दिसले. शिवाय तिच्या दोन भागांपैकी उपयोगी पडतो तो मुख्यतः पहिला, म्हणजे प्रयत्न न सोडणे. एकाच विषयाला धरून राहण्याचा लाभ फारसा दिसला नाही.

दादासाहेब फाळके यांचे उदाहरण येथे चपखल बसते. कलाशिक्षण, छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यातील नोकरी, मग छपाई आणि ब्लॉक बनवण्याचा व्यवसाय अशी त्यांची वाटचाल होती, आणि ती पाहून चाळिशीच्या उंबरठ्यावर कोणत्याही नातेवाइकाने ‘याचे कशातच लक्ष नाही’ असा निर्वाळा दिला असता. आवडीच्या सातत्यात ते नापास झाले असते. त्यांच्याकडे होता तो पाचांपैकी पहिला गुण, नव्याविषयीचा खुलेपणा, आणि त्याला जोडून विलक्षण परिश्रम. पडद्यावरचा एक परदेशी चित्रपट पाहिल्यावर त्यांनी या एका विषयाचा ध्यास घेतला, डोळ्यांवर परिणाम होईपर्यंत अभ्यास केला, आणि भांडवलदाराला पटवण्यासाठी बी रुजून रोप वाढतानाचे दृश्य थोडे थोडे करून चित्रित करून दाखवले. १९१३ मध्ये गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात त्यांचा पहिला चित्रपट लागला, तेव्हा आधीच्या सगळ्या सोडलेल्या धंद्यांतून त्यांनी उचललेली कौशल्ये एकाच जागी कामाला आली होती.

प्रयत्न न सोडणे म्हणजे काय, हे पाहायचे तर परळच्या चाळीतील एका खोलीत अभ्यास केलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणाचा काळ सनावळीसह पाहावा. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि १९१६ मध्ये लंडनला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. बडोद्यात नोकरी होती, पण जातीमुळे राहायला जागा मिळेना. मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, काही मदत आणि उसनवारी जोडली, १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले, आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. पदवी मिळवली. येथे जिद्द होती आणि चिकाटीही होती, यात वाद नाही. पण त्या वर्षांतला अडथळा त्यांच्या स्वभावात नसून समाजाच्या रचनेत होता, आणि ज्यांच्यात तीच चिकाटी होती पण संस्थानची शिष्यवृत्ती नव्हती, अशा त्यांच्या पिढीतल्या मुलांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. स्वभावविशेषांच्या अभ्यासाला ही मर्यादा जन्मजात आहे.

महत्त्वाकांक्षेचा दुसरा धागा प्रेरणेचा आहे, आणि त्याचा मुंबईशी थेट संबंध आला होता. हार्वर्डचे डेव्हिड मॅक्लेलंड यांचे म्हणणे असे होते, की काही माणसांना पैसा किंवा अधिकार यांपेक्षा ‘काम आधीपेक्षा चांगले जमले’ या जाणिवेचीच ओढ असते; तिला मराठी पाठ्यपुस्तकांत संपादन प्रेरणा म्हणतात. ही प्रेरणा ओळखण्याची त्यांची एक साधी रीत प्रसिद्ध आहे. खोलीत एक खुंटी ठेवायची आणि माणसाला हवे तेथे उभे राहून तिच्यावर कड्या फेकायला सांगायचे. काही जण अगदी जवळ उभे राहतात, म्हणजे चुकण्याचा प्रश्न नको. काही जण फार दूर जातात, तेथून कडी पडली तर नशीब आणि न पडली तर लाजायचे कारण नाही. संपादन प्रेरणा प्रबळ असलेली माणसे मधले अंतर निवडतात, जेथून कडी पडणे अवघड असते पण सरावाने जमण्यासारखे असते, आणि पडली की ती आपल्यामुळे पडली असे म्हणता येते.

ही प्रेरणा शिकवता येते का, हे पाहण्यासाठी मॅक्लेलंड यांनी १९६० च्या दशकात ज्या ठिकाणी अल्प मुदतीचे वर्ग घेतले, त्यांत मुंबईतील व्यावसायिक आणि आंध्रातील काकीनाडा या लहान शहरातील व्यापारी होते. चित्रांवरून गोष्टी रचणे, स्वतःसाठी मोजता येईल असे उद्दिष्ट लिहून काढणे, परिणामांची नोंद ठेवणे असा त्यांचा अभ्यासक्रम होता. सुमारे दोन वर्षांनी तपासणी केली असता, वर्गाला बसलेले पुरुष न बसलेल्यांच्या तुलनेत धंद्यात अधिक हालचाल करताना आढळले. कोणी विस्तार केला होता, कोणी नवे काही सुरू केले होते. शेअर बाजारात रातोरात मोठे होण्याच्या आकांक्षेला आपण याच पंगतीत बसवतो, पण कड्यांच्या खेळात ती खोलीच्या पार टोकाला उभी राहणारी आहे.

याचे जुने मुंबईकर उदाहरण प्रेमचंद रायचंद यांचे आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर बँका, वित्तसंस्था आणि समुद्र बुजवण्याच्या योजनांचे शेअर यांचा जो बाजार उभा राहिला, त्याचे प्रेमचंद हे अनभिषिक्त राजे होते. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस उतरला, आणि जुलैमध्ये वायदे पुरे करण्याची वेळ आली तेव्हा शहरातल्या असंख्य व्यापाऱ्यांसह तेही कोसळले. फोर्टमधला राजाबाई टॉवर त्यांच्या आईच्या नावाचा आहे, आणि त्यासाठीची देणगी त्यांनी कोसळण्यापूर्वीच देऊन ठेवलेली होती. १८६४ मध्ये त्यांचे चरित्र लिहिले असते, तर धाडस, वेग आणि अचूक अंदाज हे त्यांच्या यशाचे गुण म्हणून नोंदले गेले असते. १८६६ मध्ये लिहिले असते, तर तेच गुण उतावळेपणा म्हणून. दोन वर्षांत माणसाचा स्वभाव बदलत नाही. यशस्वी पुरुषांच्या मुलाखतींवरून यशाचे गुण ठरवण्यातला धोका याहून स्पष्ट दाखवता येणार नाही, कारण तितकेच धाडस करून बुडालेल्यांची मुलाखत घ्यायला कोणी जात नाही.

आता खडूसपणाविषयी. मुंबईच्या क्रिकेटमध्ये हा शब्द शिवी म्हणून वापरला जात नाही. विकेट फेकायची नाही, सामना हातातून गेला असे समजायचे नाही, समोरच्याला फुकटची धाव द्यायची नाही, या मैदानी वृत्तीला खडूस म्हणतात. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग १५ वर्षे रणजी करंडक जिंकणाऱ्या संघाने तो शब्द भूषण म्हणून मिरवला. मानसशास्त्राच्या भाषेत ही वृत्ती सौजन्याच्या मोजपट्टीवर खालच्या बाजूला येते. यशासाठी माणूस असा असावा लागतो काय, हा प्रश्न टिमोथी जज आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये पगारांच्या आकडेवारीतून तपासला. सौजन्यात कमी गुण असलेल्यांचे उत्पन्न सरासरीने अधिक आढळले, आणि हा फरक स्त्रियांपेक्षा पुरुषांमध्ये बराच मोठा होता. म्हणजे मवाळ पुरुषाला मवाळपणाची किंमत अधिक मोजावी लागते. त्याने आग्रही असावे ही समाजाची अपेक्षा असते आणि ती न पुरवल्याचा जणू दंड होतो.

या निष्कर्षाचा सोयीस्कर अर्थ काढून कचेरीत लोकांवर डाफरत सुटणारे महाभाग मी पाहिले आहेत, म्हणून स्पष्ट करतो. सौजन्यात कमी असणे म्हणजे उर्मट असणे नव्हे. मोजपट्टीच्या खालच्या भागात बसणारा माणूस बहुधा पगारवाढ मागायला कचरत नाही, चुकीच्या प्रस्तावाला बैठकीतच नाही म्हणतो आणि सर्वांना आवडलेच पाहिजे या ओझ्याखाली वावरत नाही. खडूस फलंदाज गोलंदाजाला शिव्या देत नाही. तो फक्त बाद होत नाही.

क्रिकेटचा विषय निघालाच आहे, तर नशिबाचाही हिशेब येथेच करू. त्याच मुंबई संघात पद्माकर शिवलकर हे डावखुरे फिरकी गोलंदाज होते. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्यांनी ५८९ बळी घेतले. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात तामिळनाडूविरुद्ध एका डावात केवळ १६ धावांत ८ गडी बाद केले. चिकाटी, शिस्त, अचूकता, खडूसपणा यांपैकी काहीही कमी नव्हते. त्यांना एकही कसोटी सामना खेळायला मिळाला नाही, कारण त्याच काळात भारतीय संघातली त्याच प्रकारच्या गोलंदाजाची जागा बिशनसिंग बेदी यांच्याकडे होती. हरयाणाचे राजिंदर गोयल यांचीही तीच कथा. प्रश्नावलीवर या तिघांचे गुण कदाचित शेजारी शेजारी आले असते. जागा मात्र एकच होती.

स्वतः महत्त्वाकांक्षेचेही मापन झाले आहे. जज आणि जॉन कॅमेयर-म्युलर यांनी २०१२ मध्येच, टर्मन यांच्या अभ्यासातील ७१७ व्यक्तींची जुनी माहिती वापरून, महत्त्वाकांक्षा कोठून येते आणि माणसाला कोठे नेते याचा माग काढला. कर्तव्यदक्ष, बहिर्मुख, मनाने स्थिर आणि बुद्धिमान व्यक्ती अधिक महत्त्वाकांक्षी निघाल्या, आणि पालकांच्या व्यवसायाची प्रतिष्ठाही त्यात मिसळलेली होती. महत्त्वाकांक्षी लोकांनी अधिक शिक्षण घेतले, अधिक प्रतिष्ठेची कामे केली, अधिक कमावले. आयुष्याविषयीचे समाधान मात्र त्या प्रमाणात वाढले नाही. संबंध होता, पण क्षीण. आणि आयुर्मानाशी असलेला दुवा उलट्या दिशेचा, म्हणजे किंचित घटीकडे झुकणारा निघाला.

प्रकृतीचा विषय सॅन फ्रान्सिस्कोच्या मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन या हृदयरोगतज्ज्ञांनी १९५० च्या दशकातच काढला होता. त्यांच्या प्रतीक्षागृहातील खुर्च्या दुरुस्त करायला आलेल्या कारागिराने, या खुर्च्या पुढच्या कडेलाच झिजतात असे निरीक्षण नोंदवल्याची कथा प्रसिद्ध आहे. रुग्ण टेकून बसतच नव्हते. सतत घाईत असलेल्या, स्पर्धेने पेटलेल्या आणि चटकन चिडणाऱ्या या स्वभावाला त्यांनी ‘टाइप ए’ नाव दिले. ३९ ते ५९ वयाच्या ३,१५४ पुरुषांचा साडेआठ वर्षे पाठपुरावा केल्यावर, या गटात हृदयविकाराचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळले. पुढच्या अभ्यासांत हा संबंध बराच विरला आणि शिल्लक उरला तो मुख्यतः एका घटकाचा, वैरभावाचा. भरपूर काम करणे किंवा वेळ पाळणे हे हृदयाला तितके जाचत नाही. प्रत्येक माणूस आपली वाट अडवतो आहे असे मानून दिवसभर धुमसत राहणे जाचते. (या संशोधनाला काही दशके तंबाखू कंपन्यांनी पैसा पुरवला होता, कारण हृदयविकाराचा दोष सिगारेटऐवजी स्वभावावर गेला तर त्यांना हवेच होते.)

यातले बदलता काय येते, असा प्रश्न साहजिक आहे. ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एकत्रित केलेल्या दीर्घकालीन अभ्यासांनुसार, विशी ते चाळिशी या काळात बहुतेक माणसांची कर्तव्यदक्षता आणि भावनिक स्थैर्य आपोआप वाढते. नोकरी, हप्ते, लहान मूल आणि वेळेवर पकडावी लागणारी गाडी यांचा त्यात वाटा असावा, असे मानणारे संशोधक आहेत. बाविसाव्या वर्षी गबाळा असलेला मुलगा पस्तिशीत हिशेबी झाल्याचे प्रत्येक कुटुंबाने पाहिलेले असते.

राहता राहिला तो भाग, जो व्यक्तीच्या प्रश्नावलीत येतच नाही. फाळक्यांनी दादरच्या मुख्य रस्त्यावरील बंगल्यात चित्रीकरण मांडले, तेव्हा सरस्वतीबाई फाळके यांनी दागिने दिले, संपूर्ण चमूचा स्वयंपाक सांभाळला, फिल्मला छिद्रे पाडण्याचे काम शिकून घेतले आणि उन्हात पांढरी चादर धरून प्रकाशही परावर्तित केला. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेल्या हजारो पुरुषांच्या पाळ्या ज्यांच्या डब्यांवर चालत, त्या खानावळवाल्या बायकांचीही हीच जागा होती. टर्मन यांच्या अभ्यासात मुलीही होत्या, मुलांइतक्याच बुद्धिमान. परंतु दीडशे यशस्वी आणि दीडशे कमी यशस्वी अशी तुलना करण्याची वेळ आली, तेव्हा ती केवळ पुरुषांपुरती ठेवली गेली, कारण त्यांतील बहुसंख्य स्त्रिया घर सांभाळत होत्या आणि त्या कामातले यश कोणत्या मापाने मोजावे हे संशोधकांना ठरवता येत नव्हते. पुरुषांच्या चिकाटीला गुण देण्यासाठी मात्र त्यांच्या बायकांनाच विचारण्यात आले होते.